तिसऱ्या रांगेतला शेवटचा

थिएटरात त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. घरी बायकोही तेच म्हणे, कारण ती खालच्या तिकीट-खिडकीवर बसायची आणि जिभेला वळण तिथेच लागलं होतं. युद्ध पेटलं तेव्हा तोही भरतीला गेला होता. एक डोळा अधू निघाला आणि डॉक्टरांनी त्याला आल्या पावली परत पाठवलं. त्याचा जिवलग मित्र लंबू मात्र निवडला गेला. दोघांचाही जीव तिकीट-खिडकीवरच्या याच मुलीवर होता, आणि तिचा लंबूवर, हे सांगायला ज्योतिषी नको होता. लंबू परत आला नाही. दीड वर्षाने ती ऑपरेटरला म्हणाली, "करू या लग्न." पुढच्या खेळाची वेळ सांगावी तसं. तो म्हणाला, "बरं."

आणि आता हा सिनेमा लागला होता. छावणीतले दोन रंगरूट, सतत खेकसणारा उस्ताद, चिखलातली कवायत आणि दोघांचं एकाच मुलीवर प्रेम. शेवटी एक जण मित्राला वाचवताना गोळी खातो, झेंड्याकडे बघत त्याला म्हणतो, "तिला सांभाळ," आणि प्राण सोडतो. लोक शिट्ट्या मारत, नाकं पुसत. ऑपरेटरला काहीच वाटत नसे. सिनेमातला प्रतिस्पर्धी मरून निदान वाट तरी मोकळी करतो. याचा मेलेला रोज तिन्ही खेळांना हजर.

कारण कवायतीचं चित्रण लंबूच्याच छावणीत झालं होतं. शेवटच्या पत्रात त्याने तिला कळवलं होतं, 'तिसऱ्या रांगेतला शेवटचा मी. डोळ्यात तेल घालून बघ, नाहीतर हुकेन.' चौथं रीळ सुरू झालं की ती खिडकी लावून आत येई आणि मागच्या दारापाशी उभी राही. चार सेकंद बघून परत जाई. ऑपरेटर तेव्हा वरच्या मशीन-खोलीच्या झरोक्यातून पडद्याकडे नाही, तिच्या पाठीकडे बघत असे.

फिल्म तुटली की खराब तुकडा कापून टोकं चिकटवायची, हे त्याचं रोजचं काम. एका दुपारी काही तुटलेलं नसताना त्याने कात्री चालवली आणि चार हात फिल्म गुंडाळून खिशात टाकली. राग नव्हता. नखं कापावीत तशी कापली.

दुपारच्या खेळाला पडद्यावर कवायतीच्या रांगा आल्या, चित्र जरासं उडालं आणि एकदम उस्तादाचं तोंड दिसलं. ती हललीच नाही. रीळ संपेपर्यंत उभी राहिली, बाहेर गिऱ्हाईक खिडकी ठोठावत होतं तरी.

"आज हुकला," डबा खाताना ती म्हणाली. "माझीच पापणी लवली असणार."

"असेल."

"शुक्रवारी जाणार ना सिनेमा? मग परत कुठला दिसायला."

तो वर आला, तुकडा दिव्यासमोर धरून त्याने त्यावर भिंग लावलं. तिसऱ्या रांगेतला शेवटचा. उंच, सडपातळ, डावा कान पुढे. कानाची पाळी शाबूत.

लंबूची डावी पाळी लहानपणी कुत्र्याने तोडली होती. दगड घेऊन त्या कुत्र्याच्या मागे धावलेला ऑपरेटरच होता. त्याने एकेक चौकट तपासली. हा कुणीतरी भलताच पोरगा होता. इतके दिवस आपण एका अनोळखी माणसावर जळत होतो, याचं त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्याने तुकडा परत जागच्या जागी चिकटवला.

संध्याकाळच्या खेळाला ती दारापाशी आली तेव्हा त्याने पहिल्यांदाच पडद्याकडे बघितलं. रांगा आल्या आणि गेल्या. लंबू त्यात कुठेच नव्हता. तो आता कुठेच नव्हता.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. एरवी ती कधी वर येत नसे.

"दिसला हो! दुपारी मीच हुकले. तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"बारीक वाटतो ना जरा?"

"छावणीचं जेवण," तो म्हणाला आणि पाचवं रीळ चढवायला वळला. पण फिल्म काही केल्या खाचेत बसेना. शेवटी तिनेच पुढे होऊन त्याचा हात धरला आणि विचारलं, "ऑपरेटर, रडताय कशाला?"