विहिरीच्या पाटीपाशी राहिलेले बूट

साल दोन हजार सहा, माझे वय बहात्तर. शाळा तिसरीपर्यंत, नोकरी हडपसरच्या कारखान्यात भट्टीवर. मुलगा मिलिंद संगणकाच्या कामाने अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात असतो. त्याने मला बोलावून घेतले आणि विमानतळावरून घरी नेतानाच विषय काढला.

"नाना, आता इथंच राहा. हडपसरला आता आहे काय आपलं?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. नाही म्हणायचे ठरलेले होते. पण 'आहे काय' ह्याचे उत्तर सापडेना, आणि उत्तर नसताना नुसते नाही म्हणणे माझ्या स्वभावात बसत नाही.

शनिवारी तो मला डोंगर दाखवायला घेऊन निघाला. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना झाडी, आणि माणूस औषधालाही नाही. मात्र जागोजागी खांबावर लोखंडी पाट्या. मिलिंद म्हणाला, हे हिस्टॉरिकल मार्कर (कुठे काय घडले ते सांगणारी पाटी).

"थांबव."

"नाना, अशा शेकड्यांनी आहेत."

"मग शेकडो वेळा थांबव."

पहिली पाटी मिलिंदने वाचून सांगितली, इथे एका सेनापतीने मुक्काम केला. समोर मक्याचे शेत. दुसरीवर, इथे कचेरी होती, ती जळाली. तिसरीवर, इथे पहिली शाळा. तिथे आता टायरचे दुकान. प्रत्येक पाटीपुढे मी बूट काढून हात जोडले. आपल्याकडे पुतळा असो की नुसता दगड, पायात काही घालून आपण पुढे उभे राहत नाही. मिलिंद रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत राहायचा, ऑफिसातले कोणी येत नाही ना म्हणून.

चौथी पाटी विहिरीची. मिलिंदने गाडी चालू ठेवूनच वाचली. "वसाहतीच्या पहिल्या लोकांची विहीर इथं होती."

"कुठाय?"

"बुजवली. पाटी आहे ना! बसा आता, डोंगर राहतील."

मी हात जोडून गाडीत बसलो. पुढे पेट्रोल पंपावर घरून बांधून आणलेला भाकरी-ठेचा खायला उतरलो, तर पायात नुसते मोजे.

"नाना, बूट?"

"विहिरीपाशी."

त्याने गाडी वळवली. पुण्यात वाढलेला मुलगा आहे, न बोलताही बरेच सुनावतो.

परत गेलो, तर कुत्रा घेऊन एक म्हातारी गोरी बाई माझ्या बुटांवर पहारा देत उभी. मिलिंदने तिचे बोलणे सांगितले, "म्हणतायत, कुणी जीव दिला की काय असं वाटलं."

"बुजवलेल्या विहिरीत?"

हे त्याने तिला सांगितल्यावर ती खूप हसली. पाटी पुसायचे काम तिने हौसेने अंगावर घेतले होते.

मी म्हणालो, "विचार त्यांना, ह्या विहिरीवर पाणी कुणाकुणाला भरू द्यायचे? लिहिलंय का?"

"नाना, असं कसं विचारायचं?"

"तोंडाने."

त्याने विचारले. बाईचे हसू गेले. रोज पुसायची ती पाटी तिने पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग हळूहळू बोलली. मिलिंदही तसाच हळूहळू सांगू लागला. "तसं काही लिहिलेलं नाही म्हणतात. गुलामांनी खणली असणार, पण तेही लिहिलेलं नाही. आजवर त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं."

मी बूट घातले. गाडीत मिलिंदला म्हणालो, "आपल्या वस्तीची पण विहीर होती. गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते, म्हणून माझ्या बापाने आणि भाऊबंदांनी खणली. मातीची घमेली मी वाहिलीत. छप्पन साली दीक्षा घेऊन आलो, तेव्हा आल्या आल्या तिचंच पाणी प्यायलो."

"कुठं आहे ती?"

"सोसायटी झाली तिथं. तिच्यावर गाड्या लावतात."

पुढची पाटी आली तशी त्याने आपणहून गाडी हळू केली.

"तू विचारलंस ना, हडपसरला आहे काय?" मी म्हणालो. "ती आहे."

"पण बुजवली ना, नाना?"

"ह्यांचीही बुजवलीच की."

डोंगर अंधारात गेले, ते बघायचे राहिले. इथेच राहा, हे मिलिंद पुन्हा म्हणाला नाही. माझे परतीचे तिकीट त्यानेच काढले.

अमेरिकेत काय बघितले, असे लोक विचारतात. जिथे बघायला काही उरलेले नाही अशा जागा बघितल्या. त्या लोकांनी खांब रोवून जाणाऱ्याला थांबवायची सोय केली आहे, हे मानले पाहिजे. पण लोखंडाला उलट प्रश्न विचारला तर ते गप्प बसते. तिथे माणूसच उभा पाहिजे.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि त्या सोसायटीत जाऊन दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिलो. वॉचमन आला.

"आजोबा, कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाही. इथं विहीर होती."

"बरं. मग?"

"मग विचार की, कुणी खणली."

त्याने मला खालून वर न्याहाळले. "कोणी खणली?"

तेवढ्यात मागे गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. ती जागा तिची होती. मी हाताने थांब अशी खूण केली आणि बापाच्या नावापासून सांगायला सुरुवात केली.