पावणेतीन आणि दीड

लिहायचे दोन आणि म्हणायचे तीन, हा आपल्या भाषेचा खोडसाळपणा आहे. आमच्या वेळी पाटीवर दोनाचा आकडा काढून पुढं तीन उभ्या रेघा ओढायच्या, म्हणजे दोन आणि तीन पाव. वाचायचं मात्र पावणेतीन. मोठ्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही, तिसरीतल्या पोरांना वाटायचं. पावणेतीन आणि दीड यांची बेरीज घातली की अख्खा वर्ग कानावर पडलेला तीन धरायचा. तीन आणि एक चार, पाऊण आणि अर्धा सव्वा, झाले सव्वापाच. दर वेळी नेमका एक जास्त.

मी तेव्हा कळमनुरीकडच्या एका गावात सरकारी शाळेवर होतो. वय एकवीस, शिकवण्याचा अनुभव दीड वर्षाचा, आणि राग मात्र साठीतल्या माणसाचा. पाव कमी, पाव कमी, असं मी घसा बसेपर्यंत ओरडायचो. पोरं माना डोलवायची आणि पुन्हा सव्वापाच लिहायची. एकदा चिडून मी एकाला विचारलं, पावणे म्हणजे काय रे? तो बिचारा घाबरून म्हणाला, मामा येतो ते. आमच्याकडं पाहुण्याला पावणाच म्हणतात. सगळा वर्ग हसला, मीही हसलो, आणि त्या हसण्यातच मला युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन भाकरी काढल्या. पावणा आला, लाजरा होता, त्यानं शेवटच्या भाकरीतली पावच मोडून खाल्ली. आता अख्ख्या किती राहिल्या? दोन. आणि मोडलेली? पाऊण. म्हणून पावणेतीन म्हटलं की समजायचं, पावण्यानं हात लावलाय, शेवटची भाकरी अख्खी धरायची नाही. मागून एक जण म्हणाला की पाव भाकरीवर उठणारा पावणा आपण तर बघितला नाही. पण गणित बसलं. आठवड्याभरात वर्गातले सव्वापाच संपले आणि सगळ्या पाट्यांवर सव्वाचार दिसू लागले. मला आकाश ठेंगणं झालं.

सगळ्यांत लवकर जिला हे समजलं ती नऊ वर्षांची एक पोरगी होती. ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याची लेक. वर्गात तीस पोरं आणि चार पोरी, त्यात हीच पुढं बसायची. पाटीला हात न लावता, ओठ हलवत, मनात भाकरी मोडून ती उत्तर द्यायची. मला ती आवडायची, आणि ते मी लपवतही नसे.

आता त्या वर्षाचं सांगायला हवं. पैनगंगेपलीकडं हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, अलीकडं आम्ही निजामाच्याच राज्यात होतो. निजामाविरुद्ध लढणारी माणसं पलीकडून यायची, चौक्या जाळायची आणि कुणाकुणाच्या घरी लपून राहायची. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे त्यांना पावणेच म्हणत. ज्याच्या घरी पावणे सापडत त्याला ठाण्यात नेत, आणि नेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं. आमची शाळा चावडीला लागून होती. मध्ये एक मातीची भिंत, वर हवेसाठी हातभर फट, आणि त्या वर्षी चावडीत पोलिसांचे जवान मुक्कामाला. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला खरोखर होते. हे सगळं मला ठाऊक होतं. पण गणित शिकवताना माझ्यासारख्या माणसाला फक्त गणित दिसतं.

एका दुपारी मी पोरांना सांगितलं, आज आपापल्या घरच्या भाकरीचं गणित तयार करून सांगा. ती पहिली उठली. खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या घरी दोन पावणे जेवून राहिले. एक पावणेतीन भाकरी खातो. दुसऱ्याला ताप हाय, त्यो दीडच खातो. मिळून सव्वाचार."

मी शाबास म्हणालो. आणि मग ती काय बोलली ते मला ऐकू आलं.

भिंतीपलीकडं कुणीतरी खोकलं. मी घाईघाईनं दुसऱ्या पोराला उभं केलं, त्याच्या घरच्या चुलत्याचं गणित मुद्दाम मोठ्यानं सांगायला लावलं, आणि शाळा अर्धा तास आधी सोडली.

अंधार पडायच्या आत मी तिच्या बापाच्या खळ्यावर गेलो. तो कडबा रचत होता. मी सगळं सांगितलं. हातातली पेंढी बांधून त्यानं गंजीवर टाकली आणि म्हणाला, "पावण्याचं कुठं बोलायचं न्हाई, असं बजावलं व्हतं तिला. पण गुर्जी, तिनं गोष्ट न्हाई सांगितली, हिशेब सांगितला. हिशेबाला मनाई हाय, हे लेकराला कसं कळावं?" मी म्हणालो, त्यांना आजच हलवा. तो म्हणाला, एकाला हिवतापानं पार मोडलंय, आठ दिवस तरी नदी ओलांडता येणार नाही. आणि शाळेची तपासणी पाच दिवसांवर आलेली. तपासणीला येणारे साहेब आमच्याकडं पोलिसांच्या अमिनाला, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराला, सोबत घेऊनच फिरत.

मी ठरवलं की वर्गातून पावणाच हाकलायचा. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ती भाकरीची रीत चूक होती, विसरून जा. पोरं गोंधळली. पुन्हा सव्वापाच सुरू झाले आणि मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण तिला काही ते पटेना. फळ्यावरची बेरीज पाहून ती आपणहून उठली आणि म्हणाली, शेवटची भाकरी पावण्यानं मोडली, म्हणून... त्या वेळी एक जवान दाराशी रांजणातलं पाणी पीत उभा होता.

मी छडी उचलली. उजव्या हातावर दोन, डाव्या हातावर दोन. त्याआधी तिला कधी बोटही लावलं नव्हतं. ती रडली नाही. हात काखेत दाबून म्हणाली, "पण सव्वाचार बराबर हाय ना, गुर्जी?" मी ओरडलो, "चूक! पावण्याचं उत्तर चूक." जवान हसला, तोंड पुसून निघून गेला. भीतीनं मारलं होतं हे खरं, पण त्यात माझा रागही होता. तिनं माझी युक्ती इतकी चांगली शिकावी, याचाच राग.

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीवर आणि अमीनसाहेब दाराजवळच्या बाकावर. साहेब तसे सज्जन. त्यांनी पोरींना पुढं बोलावलं, हिच्या पाटीवर दोन आणि तीन रेघा काढल्या, खाली एक आणि दोन रेघा, आणि विचारलं, "पौने तीन और डेढ़, कितना हुआ बेटी?" तिचे ओठ हलायला लागले. उत्तर बरोबर आलं की साहेब रीत विचारणार, आणि तिच्या रीतीत पावणा होता. मग ओठ थांबले. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"सव्वापाच," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली, वहीत लिहिलं की पोरगी हिशेबात कच्ची आहे, आणि तिला पुन्हा तिसरीतच ठेवायला सांगितलं. अमीनसाहेब जांभई देऊन उठले. चार दिवसांनी पावणे नदीपार झाले. तिचा बाप रात्रभर बैलगाडी हाकून आला होता तरी सकाळी माझ्याकडं येऊन बसला. लेकीनं घर वाचवलं म्हणाला. मग चहा पिताना हळूच म्हणाला की तिला आता शाळेत पाठवत नाही, साहेबच कच्ची म्हणाले, आणि घरी तिची आईही एकटी पडते. मी वाद घातला नाही. चावडीजवळ ती नसलेलीच बरी, असं मलाही वाटलं, आणि हे वाटल्याची लाज अजून गेली नाही. पण मनात एक समाधान होतं. एवढंसं लेकरू, आणि वेळ ओळखून मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, असं मी दहा जणांना कौतुकानं सांगितलं.

भाद्रपदात निजामाची राजवट संपली. चावडी रिकामी झाली. मी पहिल्यांदा गेलो ते तिच्या शेतात. ती आईबरोबर उडदाच्या शेंगा तोडत होती. मी तिला म्हणालो की आता भीती गेली, आता सांगतो, तुझं सव्वाचारच बरोबर होतं. त्या दिवशी मुद्दाम सव्वापाच सांगून तू मोठं काम केलंस.

ती शेंगा ओच्यात धरून उभी राहिली.

"मुद्दाम न्हाई, गुर्जी," ती म्हणाली. "तुमीच म्हणलं व्हतं, चूक हाय म्हणून. मंग मी तीन धरले." शेंगा सावरत म्हणाली, "बराबर व्हतं, तर मारलं काहून?"

तिची आई पाठमोरी होती, ती वळली नाही. मी म्हणालो, चूक माझी होती, तुझं गणित पक्कं आहे, वाटलं तर पुन्हा करून बघ, पावणेतीन आणि दीड. तिनं शेंगा खाली ठेवल्या. मग ओठ हलले.

"सव्वाचार," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत राहिली.