लिंबाला घातलेला मेपलचा रस

तर काल कुठं थांबलो होतो? हां, ग्लेन वेव्हर्लीच्या इंडियन दुकानात, गुळाच्या रॅकपाशी. पांढऱ्या मिशांचा एक माणूस गुळाची ढेप प्लास्टिकवरनंच हुंगत होता. काउंटरवरची पोरगी त्याच्याकडं संशयानं बघत होती. "भेंडी घालून मळी काढल्याली न्हाई," असं पुटपुटत त्यानं ढेप परत ठेवली. उकळत्या रसात भेंडीचा चीक घातला की मळी वर येते, हे गुऱ्हाळावरच्या माणसालाच ठाऊक. मी ट्रॉली सोडून ओरडलोच, "गाव कुठलं?"

हा विश्राम. कागलकडचा. तीस वर्षं गुळव्या होता. म्हणजे उकळत्या काहिलीपुढं, त्या भल्यामोठ्या कढईपुढं, उभं राहून रस नेमका कधी उतरवायचा, हे नुसत्या बुडबुड्यांवरनं सांगणारा माणूस. नऊ वर्षांपूर्वी गुऱ्हाळ बंद पडलं, मागोमाग बायको गेली. तेव्हापासून दर वर्षी सहा महिने लेकीकडं, मेधाकडं, येतो. "हितं मला चहाबी करू देत न्हाईत रं," असं मला पहिल्याच भेटीत म्हणाला.

मी शाळेत असताना मधल्या सुट्टीत गुऱ्हाळावर पळायचो. गुळव्या ओरडायचा आणि तोच पुन्हा उसाच्या चिपाडावर गरम काकवी द्यायचा. तो वास सांगितला की माझी नातवंडं "ओके आजोबा" म्हणतात आणि फोनकडं वळतात. विश्रामला सांगायलाच लागत नाही.

मेधा आणि जावई यतिन यांनी गेल्या वर्षी डोंगराच्या पायथ्याशी दोन एकर घेतले. कुंपणाला आधीच्या मालकानं लावलेली मोठाली मेपलची झाडं. ऑगस्टात, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात, तिथं रात्री पाणी गोठतं आणि दिवसा छान ऊन पडतं. तेव्हाच खोडाला भोक पाडून नळी लावली की रस ठिबकतो. पण कसला तो रस! निव्वळ पाणी. चाळीस लिटर आटवावा तेव्हा कुठं लिटरभर पाक निघतो.

म्हणून यतिननं आरओ मशीन आणलं. दाब देऊन पडद्यातनं पाणी वेगळं काढायचं, उरलेला घट्ट रस तेवढा आटवायचा. विश्राम म्हणाला, "चुलाणाचं काम पंपानं करायचं? मग माणसानं काय टाळ्या वाजवायच्या?"

"बाबा, उकळायचं तुम्हीच. मी फक्त गॅस वाचवतोय."

एवढ्यावर म्हातारा खुलला. मंगळवारी त्याचं परतीचं विमान होतं. कळ्या फुटायला लागल्या होत्या, आणि त्या उमलल्या की रस कडवट होतो. म्हणजे ह्या शनिवारचा दोनशे लिटर यंदाचा शेवटचा. नऊ वर्षांनी पुन्हा एकदा आचेपुढं उभं राहायचं म्हणून त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि स्वतः सकाळपासून कढई घासत बसला.

यतिननं मशीन लावलं. मला म्हणाला, "काका, पाण्याचा पाइप लिंबाच्या झाडाला, दुसरा ड्रममध्ये. मेधाला स्टेशनवरनं घेऊन येतो. नो वरीज."

आता आमच्या घरी ओट्याखाली आरओ आहे. गेली पंधरा वर्षं त्याचं स्वच्छ ते भांड्यात आणि उरलेलं फरशी पुसायला. मी यतिनचं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि माझ्या हातानं आपल्या घरच्या सवयीनं काचेसारखी स्वच्छ धार स्टीलच्या ड्रममध्ये सोडली, आणि पिवळसर धार लिंबाला.

दोन तासांनी विश्राम आला. ड्रममध्ये बोट बुडवून चाखलं. कणभर गोडी नाही. लिंबापाशी जाऊन पाइपची धार ओंजळीत घेतली आणि प्यायला.

"माधव, मशीन बंद कर."

टाकीत साठ लिटर उरला होता. यतिन परत आला, त्यानं लिंबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मेधाला हसू आवरेना म्हणून ती आत निघून गेली. मला मात्र तोंड लपवावंसं झालं होतं.

पाइप बदलून पुन्हा मशीन लावलं, साठचा पंधरा लिटर झाला. विश्राम अंगणातल्या शेगडीपुढं उभा राहिला तो राहिलाच, खुर्ची दिली तरी बसला नाही. लहान बुडबुडे, मग मोठे, मग माशांच्या डोळ्यांसारखे. यतिन गोडी मोजायचं यंत्र घेऊन पुढं सरकला तर ह्यानं हातानंच थांबवला. ऊन कलताना एकदम म्हणाला, "उतरव!" यतिननं नंतर मोजलं. सहासष्ट. जितकं हवं तितकंच.

दीड लिटरसुद्धा भरला नाही. मला राहवेना. म्हटलं, "विश्राम, माझ्या पायी तुझी यंदाची काहील वाटीएवढी झाली रे."

तो चमचा चाटत म्हणाला, "आरं, तीस वर्षं दुसऱ्याच्या उसाचा गूळ केला, आन् ढेप उचलताना दर वेळी मालकाकडं बघितलं. ह्यो माझ्या लेकीच्या झाडांचा हाय. हात धू, आन् मेधाला म्हणावं भाकरी टाक, आज वाढणार मी."