पाच वाजेपर्यंत

पांढुर्णा जिल्हा झाला आणि आपल्यालाही इतिहास आहे, असं गावाला एकदम वाटू लागलं. लगेच जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं, समिती झाली. अध्यक्ष झाले एक निवृत्त हेडमास्तर. निवृत्त माणसाला खुर्चीवाचून करमत नाही. फोटोखालच्या ओळी लिहायला मला बसवलं, कारण मी शाळेत मराठी शिकवतो आणि कोणाला नाही म्हणत नाही. नाही न म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे सज्जन म्हणतात. माझ्याबद्दल लोकांचा हा गैरसमज मी तीस वर्षं टिकवून ठेवला आहे.

फोटो एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या पेटीतून निघाले. पाहता पाहता लक्षात आलं, की यातल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत कोणी ना कोणी वाट पाहत उभं आहे. हार घेऊन उभे राहिलेले पुढारी, बाकावर टेकलेले बँडवाले, उन्हात रांगेत उभी केलेली शाळा. ज्याची वाट पाहिली तो मात्र एकाही फोटोत नाही. याचं कारण मला ठाऊक होतं. आमचा फोटोग्राफर फिल्म जपून वापरायचा. साहेब आले की धूळ उडते, ढकलाढकली होते, फोटो हलतो. म्हणून तो साहेब यायच्या आधीच सगळ्यांना रस्त्याकडे पाहायला लावून फोटो काढून मोकळा व्हायचा. साहेब आले तर स्वागताचा फोटो झाला. नाही आले तरी तोच. पुष्कळदा आलेच नाहीत. हा आमचा इतिहास.

"लिहा गुरुजी, 'आतुर जनसागर'," हेडमास्तर म्हणाले.

"सर, चौतीस माणसं आहेत."

"मंग 'जनसमुदाय' लिहा. मोजून कायले राहिले तुम्ही?"

मी जनसमुदाय लिहिलं.

पुढचा फोटो त्यांनी हातात घेतला आणि नाक मुरडलं. स्टेशनच्या रस्त्यावर कमान, कमानीखाली आरतीची ताटं घेतलेल्या सात मुली. सहा जणी स्टेशनकडे पाहताहेत. सातवी मान वळवून भलतीकडेच, सौंसरच्या रस्त्याकडे. ताट कलंडलं आहे, निरांजन घसरून काठाशी आलं आहे.

"पाहा, पूर्ण फोटोची वाट लावली पोरीनं. मंत्री इकडून येऊन राहिले आणि ही तिकडं काय पाहून राहिली बाप्पा? हिले कापून टाका. सहा पुरे."

ती माझी मोठी बहीण होती. "बरं," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

तिला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं होतं. फॉर्म सौंसरच्या एका कार्यालयात प्रत्यक्ष नेऊन द्यायचा होता आणि तो शेवटचा दिवस होता. ती स्वतःच जाणार होती. पण वडील शाळेत क्लार्क. मंत्र्यांच्या स्वागताला चांगल्या दिसणाऱ्या मुली पाठवा, असा वरून निरोप आला आणि वडिलांनी पोरगी देऊन टाकली. फॉर्म माझ्याकडे आला. मी वीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो.

"अकराच्या आत देजो, भाऊ," ती म्हणाली. "तीनच्या बसनं ये. मी कमानीपाशीच आहो."

आमची आई तेव्हा लकव्यानं अंथरुणावर होती. तिचं सगळं ताई करायची. आदल्या दिवशी वडील मला सहज म्हणाले होते, "ती गेली का मंग आईचं तुलेच पाहा लागन." त्यांना वाटलं मी ऐकलंच नाही. मी चांगलंच ऐकलं होतं.

मी अकराच्या आतच पोचलो. कार्यालय उघडं होतं, खिडकीशी रांगही नव्हती. मी समोरच्या टपरीवर बसलो. चहा घेतला, मग आलूबोंडा, मग परत चहा. पिशवी मांडीवर होती. टपरीवाल्यानं विचारलंही, "कोणाची वाट पाहून राहिले?" मी म्हणालो, मित्र यायचा आहे. मी पाच वाजायची वाट पाहत होतो. पाच वाजता चपराशी आला, त्यानं खिडकी लावली, आणि मी हात झटकून बसस्टँडवर गेलो.

इकडे मंत्री आले नाहीत. तरी मुलींना दिवे लागेपर्यंत उभं ठेवलं होतं.

"तीनच्या बसपासून पाहून राहिली मी," ती म्हणाली. "काय झालं?"

"खिडकी आधीच बंद झाली होती."

पुढच्या वर्षी ती वयात बसली नाही. आईचं तिनं शेवटपर्यंत केलं आणि मग तिला लोधीखेड्याला दिली. दर भाऊबीजेला मी जातो. मला ओवाळेपर्यंत ती जेवत नाही. बस उशिरा आली की दुपारी तीन तीनपर्यंत उपाशी राहते, आणि मी ओवाळून घेतो, ताटाकडे न पाहता. आतुर जनसमुदायाला हसणारा मी हा असा.

फोटो कापायला कात्री घेतली. ती सातवी मुलगी वेगळी झाली की माझा साक्षीदार गेला. कात्री चालली नाही असं म्हणायला आवडलं असतं. थोडी चालली, समास कापला गेला. मग मी तो फोटो पिशवीत घातला आणि लोधीखेड्याची बस धरली.

तिच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. टपरी, आलूबोंडा, पाच वाजले तेही. तिनं फोटो हातात घेतला.

"खिडकी उघडी होती?"

"हो."

"दिवसभर?"

"हो, ताई."

तिनं फोटो माझ्या मांडीवर ठेवला. "कापू नको. असाच लाव. आणि खाली लिही, सहा जणी मंत्र्याची वाट पाहून राहिल्या, एक भावाची. कोणीच आलं नाही."

"हेडमास्तर नाही म्हणतील."

"मंग तू काय म्हणशील?"

मी लिहिलं. हेडमास्तर ओरडले, खोडा म्हणाले. मी नाही म्हणालो. सज्जनपणा गेला म्हणतात माझा.

त्या दिवशी लोधीखेड्याहून निघताना मी तिला विचारलं होतं, "भाऊबीजेला येऊ ना?"

"ये ना," ती म्हणाली. "पण मी जेवून घेईन. आता वाट नाही पाहणार."