हेडसाहेबांच्या गाडीचं डोकं

पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क म्हणून हयात गेली, म्हणून सगळे त्यांना हेडसाहेब म्हणत. ऑफिसात ते लोकांच्या अर्जांत चुका काढायचे आणि घरी बायकोच्या बोलण्यात. स्वतःची चूक त्यांना उभ्या आयुष्यात सापडली नव्हती. कधी शोधलीच नव्हती, असं बायकोचं म्हणणं.

वडील गेल्यावर थोरल्या भावाकडे घर आलं आणि यांच्याकडे वडिलांची जुनी गाडी. वाटणीत आपण फसलो असं दोघांनाही वाटत होतं, आणि त्यात हेडसाहेबांचं जास्त बरोबर होतं. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. थोरला शेजारच्याच गल्लीत राहायचा. रस्त्यात समोरासमोर आले की दोघांनाही एकदम दुकानांच्या पाट्या वाचाव्याशा वाटत.

एका रविवारी नवरा-बायको कुणाला तरी भेटून परत येत होते. चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकला. बायको म्हणाली, जरा थांबू या. हेडसाहेबांनी तिला समजावलं की गाडीबरोबर काटाही म्हातारा झालाय, उगाच घाबरतो. काट्याशी हुज्जत घालत ते तसेच पुढे गेले. चढ संपायच्या आत बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि मागून पांढरा धूर. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोरी बांधून गाडी घरी ओढून आणली. मागे स्टिअरिंग धरून हेडसाहेब इतके ताठ बसले होते, की टेम्पो तेच ढकलत आणताहेत असं वाटावं.

घरी आल्यावर त्यांनी तेलाचं झाकण उघडलं. आत दुधाळ चॉकलेटी फेस. म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली फट बंद करणारं गॅस्केट उडालं होतं आणि पाणी तेलात उतरलं होतं. गल्लीत बातमी पसरली की हेडसाहेबांचं हेड गेलं. कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

गॅरेजला गाडी द्यायला त्यांनी साफ नकार दिला. गॅरेजवाले चांगले भाग काढून घेतात म्हणे. या गाडीतून काढून घेण्यासारखं काय उरलंय, हे बायकोने विचारलं नाही. त्यांनी रजा टाकली, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि पोर्चमध्ये गाडी उघडायला घेतली. नट-बोल्ट ठेवायला स्वयंपाकघरातली पातेली गेली, मग वाट्या गेल्या, मग चहाची गाळणीही गेली. मोठे भाग वर्तमानपत्रावर मांडून जेवायच्या टेबलावर आले. बायको एक्झॉस्टच्या नळीशेजारी ताट सरकवून जेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून हेडसाहेब इंजिन समजावून सांगत, त्यामुळे दोनच दिवसांत शेजारी पलीकडच्या बाजूने जाऊ लागले.

गाडी अडली ती हेड उचलताना. त्यांनी लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहिलं, पहारीने उचकटून पाहिलं, आणि शेवटी वाकून दोन्ही हातांनी सगळा जोर लावला. हेड हललं नाही. कंबर मात्र हलली. बायकोने त्यांना पोर्चमध्येच गादी टाकून आडवं केलं. हाक मारावी असा शेजारी एकही उरला नव्हता. मग तिने नवऱ्याला न विचारता थोरल्या दिरांना फोन लावला.

थोरला आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. तोही त्याच मुशीतला. सगळ्यातलं सगळं कळणारा. गादीकडे न बघता तो थेट इंजिनावर वाकला, कोपऱ्यातला तेलाचा साकळलेला काळा थर फडक्याने पुसला, आणि भावजयीकडे वळला.

"त्याला सांग, एक बोल्ट अजून लागलेलाच आहे."

हेडसाहेब हाताच्या अंतरावर पडले होते. तरी तिने इमानेइतबारे निरोप पोचवला.

"दादाला सांग, तो मी मुद्दाम ठेवलाय," ते छताकडे बघत म्हणाले. "आधाराला."

बोल्ट निघाला, हेड निघालं. थोरल्याने पट्टी आडवी धरून बघितलं. हेड वाकलेलं नव्हतं. दुपारभर तो जुनं गॅस्केट खरवडत राहिला आणि हेडसाहेब गादीवरून सूचना देत राहिले. एकेक वाक्य बायकोमार्फत ये-जा करत होतं. तिने मधेच निरोप गाळायला सुरुवात केली, तर काम भराभर व्हायला लागलं.

हेडसाहेबांनी आधीच आणून ठेवलेलं नवं गॅस्केट बसवायची वेळ आली तेव्हा ती चहा करायला आत गेली होती. गॅस्केटवर 'वरची बाजू' असं ठळक छापलेलं होतं, आणि थोरल्याने नेमकी तीच बाजू खाली घातली. हेडसाहेबांना ते दिसलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. निरोप न्यायला कुणीच नव्हतं. थोरल्याने हेड उचलायला हात घातला.

"दादा, उलटं ठेवलंयस."

थोरला थांबला. त्याने वाकून गॅस्केट पाहिलं.

"तेच बघत होतो," तो म्हणाला, आणि त्याने ते पालटलं.

बायको चहा घेऊन दारापर्यंत आली होती. ती पाऊल न वाजवता मागे फिरली आणि चहा गार होऊन गेला तरी बाहेर आली नाही.

बोल्ट आवळताना तर दोघांच्या जिभाच मोकळ्या झाल्या. मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेर जायचं, यावर दोघांचं एकमत होतं. फक्त मधला कुठला, यावर नव्हतं. सगळं जोडून झाल्यावर चावी कुणी फिरवायची यावरून इतकं वाजलं, की बायकोनेच आत बसून ती फिरवली. गाडी खोकली, थोडा वेळ पांढरा धूर ओकली, आणि मग शहाण्यासारखी चालू लागली.

हेडसाहेब आता ऑफिसात ही हकिकत रंगवून सांगतात. तिच्यात तो बोल्ट थोरल्याने विसरलेला असतो. थोरल्याच्या हकिकतीत गॅस्केट हेडसाहेबांनी उलटं घातलेलं असतं. दर रविवारी तो इंजिन तपासायला येतो, दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून भांडतात आणि मग गाडी घेऊन भांडतच फिरायला जातात.

बायकोला मागची सीट दिली होती. ती एकदा बसली. आता ती बसने जाते आणि खिडकीची जागा पकडते.