स्टेडियमचा भोंगा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय तेही अक्कावर वैतागून. म्हणजे खरं तर स्वतःवर, पण वैताग आधी तिच्यावरच निघतो, काय करणार?

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या बेंगळुरूच्या मधोमध जे मोठं स्टेडियम आहे, त्याचं नाव काढलं की तिचं डोकं फिरतं. आणि नाव निघत नाही असा आठवडा जात नाही! मातीचा ट्रॅक होता तेव्हापासून आम्ही ते बघतोय. मग रबरी ट्रॅक आला, मध्ये फुटबॉल, शेजारच्या हॉलात कबड्डी, वर पुढाऱ्यांच्या सभा आणि गाण्यांचे कार्यक्रम. धावणाऱ्यांनी धावायचं कुठे? पण अक्काचा राग यातल्या कशावरच नाही. तिचा राग भोंग्यावर. तिच्या वेळेला तो बंद होता, हे आम्ही राहतो त्या अख्ख्या चामराजपेटेला पाठ आहे.

ती आठशे मीटर धावायची. राज्याच्या संघाची निवड होती. शर्यतीआधी भोंग्यावरून नावं तीनदा पुकारतात. तिसऱ्या हाकेला हजर नसलात की नाव कापलं. अक्काला गर्दी चालत नसे, ती एकटीच मागच्या झाडांखाली अंग गरम करायची. तिथे आवाज पोचत नसे. म्हणून मागच्या गॅलरीच्या भोंग्याखाली मी बसायचं आणि हाक आली की पळत जाऊन सांगायचं. कॉलेजातले मित्र सिनेमाला, आणि मी दर रविवारी हिच्या बुटांची पिशवी मांडीवर घेऊन! त्या दिवशी सकाळी तर ती मैत्रिणींसमोर म्हणाली, "ह्याला दुसरं येतंय काय?"

एवढंच. एवढ्यावरून?

हो, एवढ्यावरून. पहिली हाक आली — ऐकली. दुसरीही ऐकली. कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, नाव अगदी स्वच्छ. म्हटलं, जरा धांदल उडू दे तिची, तिसऱ्याला सांगू. तिसरी आली आणि मी — बसून राहिलो. विसरलो नव्हतो, घाबरलोही नव्हतो. मला बसायचंच होतं.

आमच्या बाजूचा भोंगा बंद होता, हे मीच तिला सांगितलं. त्यानंतर ती धावली नाही. ती त्या भोंग्याला शिव्या घालते, आणि मी तिच्याहून मोठ्या आवाजात घालतो.

आता तिची नात धावते. निवड त्याच स्टेडियमात होती. परवा अक्काने हट्टच धरला — तिथे जायचं नाही, तिथे पोरींची नावं ऐकू येत नाहीत. पोरगी रडून रडून थकली आणि माझ्याकडे वळली, कारण त्या दिवशी भोंग्याखाली होतो तो मीच. "मामाआजोबा, खरंच बंद होता का हो?"

अक्का माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, "बंदच होता."

निवड काल झाली. पोरगी गेली नाही.