सत्त्याऐंशी टक्क्यांवरची कबुली

ती घटना आठवली की मला आजही हसू येतं, आणि मागोमाग थोडी लाजही वाटते.

माझ्या ठाण्याच्या हद्दीत, बूढ़ापाऱ्यात गाणं शिकवणाऱ्या एका मराठी बाईंची पेटी, म्हणजे हार्मोनियम, चोरीला गेली. चाळीस वर्षं हाताखालची. कपाटातल्या दागिन्यांना मात्र हातही लागला नव्हता. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं खबर दिली, की बाईंचा जुना तबलजी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी रिक्षात ठेवत होता. समोरच्या दुकानदारानं कॅमेऱ्याचं चित्रण पेन ड्राइव्हवर आणून दिलं. जप्तीचा पंचनामा न करता मी तो तसाच टेबलावर ठेवला आणि तबलजीला आणायला गेलो.

परत आलो, तर पेन ड्राइव्ह जागेवर नाही. ठाण्यातला कॉम्प्युटर सकाळपासून बंद होता. आमची महिला शिपाई त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकत होती. मी तिला हळूच विचारलं.

"सर, टेबल पर पड़ा था, तो मैंने ले लिया. नई सिस्टीम डालने के लिए अपने लैपटॉप पर उसको बूटेबल बनाया."

"आणि आतलं चित्रण?"

"बनाते समय पुराना सब मिट जाता है, सर."

हातातला पुरावाच पुसला गेला होता. तरी चेहरा कडक ठेवून चौकशी सुरू केली. तबलजी एकच धरून बसला, "मी तं घरीच होतो." पण त्याची नजर स्क्रीनवर होती. तिथे नव्या सिस्टीमचे टक्के चढत होते.

"साहेब, ते काय करून राहिलं?"

"बाईंच्या घरासमोर कॅमेरा आहे ना, त्या दुकानदाराचा पेन ड्राइव्ह लावला आहे." यात खोटं काही नव्हतं.

"अन् शंभर झाल्यावर?"

"मशीन सुरू होईल."

सत्त्याऐंशीला त्यानं हात जोडले. "बंद करा ते! पेटी भनपुरीले, माझ्या साळ्याच्या गोदामात आहे. बारा वर्षं साथ केली बाईंची. या रविवारच्या कार्यक्रमाले दुसरा तबलजी ठरवला, मले सांगितलंही नाही. काहून?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण त्यानं दाखवलेल्या जागेवरून पंचांसमक्ष पेटी मिळाली. दुकानदाराच्या रेकॉर्डरमध्ये मूळ चित्रणही शाबूत होतं. ते पुन्हा घेतलं, या वेळी लगेच सील केलं. माझी चूक ठाण्याच्या रोजनामच्यात मीच नोंदवली.

चोरीत काय गेलं, यापेक्षा काय गेलं नाही ते आधी पाहावं, हे मी त्या दिवशी शिकलो. दागिने तसेच होते. मला शोधायचा होता तो दुखावलेला माणूस.

बाईंनी ठाण्यात येऊन पेटी ओळखली, तबलजीला सगळ्यांदेखत झापलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, याचा जामीन रविवारच्या आत होईल का? तो नवा माणूस समेवर येतच नाही हो."